एक चॅनल म्यूट करायचा, पण आवाज दोन्ही कानांत हवा: व्हिडिओ एडिटिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आमच्या आत्याला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. वय ८१. मागच्या दिवाळीत तिला ओसरीवर बसवून मी सव्वा तास रेकॉर्डिंग केलं. पदराला लावलेला छोटा कॉलर माइक डाव्या चॅनलवर गेला आणि कॅमेऱ्यावर बसवलेला माइक उजव्या. उजव्यात ओव्यांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येत होता, मधे कुकरच्या तीन शिट्ट्याही होत्या. घरी येऊन मी उजवा चॅनल बंद केला, फाइल काढली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, "अरे, चित्र दिसतंय, पण ती काय म्हणतेय ते काहीच ऐकू येत नाही."

काकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते हेडफोन लावून बसले होते, आणि त्यांच्या चांगल्या कानाकडे मी काहीच पाठवलं नव्हतं. बहिणीच्या ओव्या ऐकायला माणूस वाट बघत बसलेला, आणि माझ्या एका क्लिकने त्याच्यापर्यंत शांतता पोचली. मला फार लागलं ते.

तेव्हा कळलं की चॅनल म्यूट करणं ही दोन कामं आहेत. नको असलेला चॅनल गप्प करायचा, आणि उरलेला चॅनल दोन्ही कानांत पोचवायचा. पहिलं जमतं आणि दुसरं राहून जातं, कारण एडिट करताना आपण बहुतेक वेळा स्पीकरवर ऐकतो आणि स्पीकरवर हा घोळ लक्षात येत नाही. खालच्या पायऱ्या मी आता दर वेळी याच क्रमाने करतो. मेनूंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील.

हाताशी काय हवं

- वायरचे हेडफोन, ज्यांच्यावर डावा-उजवा असं छापलेलं आहे. एकच स्पीकर असलेल्या ब्लूटूथ डब्यावर हे काम होत नाही.
- कॅमेऱ्याच्या कार्डावरची मूळ फाइल. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, तिच्यातला आवाज दाबला गेलेला असतो.
- एडिटिंगचं सॉफ्टवेअर. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरेशी आहे. शॉटकट आणि केडेनलाइव्ह मोफतच आहेत. प्रीमियर प्रो आणि फायनल कट प्रो यांना पैसे पडतात.
- कागद आणि पेन. कोणत्या चॅनलवर काय आहे ते लिहून ठेवायला. चार क्लिपनंतर डोक्यात राहत नाही.

१. संगणक सगळं मोनो करून तर ऐकवत नाही ना, ते बघा

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ऑडिओ या भागात 'मोनो ऑडिओ' नावाचं बटण असतं. मॅकवरही ॲक्सेसिबिलिटीतच तशी सोय आहे, आणि फोनमध्येही. ते बटण चालू असेल तर डावा आणि उजवा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच येतो. मग तुम्ही एडिटमध्ये काहीही करा, कानाला फरक कळणार नाही. घरात कुणी कमी ऐकणारं असेल आणि संगणक सगळे वापरत असतील, तर ते चालू असण्याची शक्यता बरीच आहे. काम संपेपर्यंत बंद करा, आणि मग आठवणीने पुन्हा चालू करून द्या. ज्यांनी ते लावलंय त्यांना त्याची गरज आहे.

हेडफोनची पिनही पूर्ण आत गेली आहे ना ते बघा. अर्धवट बसलेल्या पिनेमुळे एका कानात आवाज येत नाही, आणि आपण उगाच फाइलला दोष देतो.

२. डावीकडे काय, उजवीकडे काय, हे कानाने ठरवा

क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने लावायच्या खालच्या भागात, टाका आणि तिच्या ऑडिओची पट्टी उभी वाढवा. स्टिरिओ क्लिप असेल तर एकाखाली एक अशा दोन लहरी दिसतात. वरची डावी, खालची उजवी. एक भरघोस आणि दुसरी बारीक दिसेल, पण भरघोस म्हणजे चांगली असं धरू नका. पंख्याची घरघरसुद्धा लहर जाड करते. बोलण्याची लहर शब्दागणिक उठते-बसते, मधल्या श्वासाला खाली येते. घरघरीची लहर गादीसारखी सलग पसरलेली असते.

मग हेडफोन लावा, डावा कान झाकून उजव्याने ऐका, नंतर उलट करा. कागदावर लिहा: 'डावा, आत्याचा कॉलर माइक. उजवा, कॅमेरा.' पुढच्या वेळी रेकॉर्डिंग सुरू करताना प्रत्येक माइकवर बोटाने हलकेच दोनदा टकटक करा आणि त्या त्या वेळी मोठ्याने सांगा, "हा आत्याचा, हा कॅमेऱ्यावरचा." पाच सेकंदांचं काम आहे, एडिटच्या वेळी अर्धा तास वाचतो.

दोन ट्रान्समीटरवाले वायरलेस माइक वापरत असाल तर रेकॉर्डिंगच्या आधीच एक गोष्ट तपासा. बऱ्याच रिसीव्हरमध्ये दोन पद्धती असतात. एकीत दोन्ही माइक मिसळून जातात, दुसरीत एक माइक डावीकडे आणि एक उजवीकडे जातो. मिसळलेल्या पद्धतीत रेकॉर्ड झालं असेल तर नंतर चॅनल म्यूट करून काहीच साधत नाही, कारण दोन्ही चॅनलवर दोन्ही माणसं असतात. काही रिसीव्हर दुसऱ्या चॅनलवर तोच आवाज मुद्दाम हळू करून ठेवतात, माणूस एकदम ओरडला किंवा जोरात हसला तर फाटू नये म्हणून. तो हळू चॅनल बघून 'हा खराब आहे' असं ठरवू नका, ती तुमची राखीव प्रत आहे.

एका चॅनलवर सलग कर्कश किरकिर ऐकू आली तर घाबरू नका. दोन-तीन कॅमेरे जुळवण्यासाठी टाइमकोडचा डबा (सगळ्या कॅमेऱ्यांना एकच वेळ पुरवणारा) लावलेला असेल, तर तो आपला संकेत आवाजाच्या चॅनलवरच लिहितो. कॅमेरे जुळवून झाले की तो चॅनल बंद करायचा. जुळवण्याआधी नाही.

३. ट्रॅकचं 'एम' बटण आणि चॅनल यांची गल्लत करू नका

नव्या माणसाची सर्वांत मोठी फसगत इथे होते. टाइमलाइनच्या डाव्या कडेला प्रत्येक ऑडिओ ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक आडव्या ओळीवर, 'एम' आणि 'एस' अशी बटणं असतात. 'एम' म्हणजे म्यूट, 'एस' म्हणजे फक्त हाच ट्रॅक ऐकव. ही बटणं पूर्ण ट्रॅकवर चालतात. तुमचे डावा आणि उजवा एकाच स्टिरिओ क्लिपमध्ये बांधलेले असतील, तर 'एम' दाबल्यावर आत्याही गप्प आणि पंखाही गप्प.

स्टिरिओ क्लिप म्हणजे एकाच पाटीत ठेवलेल्या दोन वाट्या. पाटी उचलली की दोन्ही उचलल्या जातात. एकच वाटी काढायची तर पाटीच्या आत हात घालावा लागतो, आणि तो हात प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या मेनूत असतो.

तुमची फाइल ओबीएस स्टुडिओ या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमधून आलेली असेल तर मात्र गोष्ट सोपी आहे. त्यात सहापर्यंत वेगळे ऑडिओ ट्रॅक रेकॉर्ड करता येतात. रेकॉर्डिंगच्या आधी माइक एका ट्रॅकवर आणि संगणकाचा आवाज दुसऱ्यावर लावला असेल, तर टाइमलाइनवर ते वेगवेगळे उतरतात आणि 'एम' पुरतं.

४. दोन्ही चॅनल ठेवायचा मोह आवरा

'दोन्ही असू देत, आवाज भरीव होईल' असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. कॉलर माइक आत्याच्या हनुवटीखाली आणि कॅमेरा तिथून १.७ मीटर दूर असेल, तर कॅमेऱ्याच्या माइकवर तोच शब्द सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र झाले की १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठरावीक पट्ट्या एकमेकींना खातात, मधल्या फुगतात. कानाला ते रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं लागतं. हेडफोनवर दोन कान वेगळे असल्यामुळे ते जाणवत नाही, पण एका स्पीकरच्या फोनवर लगेच जाणवतं. म्हणून एका वेळी एका माणसाचा एकच माइक चालू.

जवळचा माइक ठेवा, हा माझा सरळ नियम आहे. अपवाद फक्त तेव्हा, जेव्हा जवळच्या माइकवर पदर, मंगळसूत्र किंवा कागद घासतोय. त्यावर पुढे येतोच.

५. दा विंची रिझॉल्व्हमध्ये

क. क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या फाइली दिसतात त्या भागात) तिच्यावर उजवं क्लिक करा आणि 'क्लिप ॲट्रिब्यूट्स' उघडा. वरच्या 'ऑडिओ' टॅबवर जा.

ख. तिथे 'फॉरमॅट'खाली 'स्टिरिओ' दिसेल आणि दोन ओळी असतील. डावीकडे 'एम्बेडेड चॅनल १', उजवीकडे 'एम्बेडेड चॅनल २'. उजव्या ओळीची यादी उघडा. तिच्यात 'म्यूट' हा पर्यायही असतो, आणि माझी चूक इथेच झाली होती. 'म्यूट' निवडलं तर उजवा कान रिकामा राहतो. त्याऐवजी उजव्या ओळीतही 'एम्बेडेड चॅनल १' निवडा. कॅमेऱ्याचा माइक गेला, आणि आत्या दोन्ही कानांत आली.

ग. दुसरा मार्ग म्हणजे 'फॉरमॅट' बदलून 'मोनो' करायचा आणि हवा तो चॅनल निवडायचा. दोन माणसांच्या मुलाखतीत मी मोनोच्या दोन ओळी करतो, एकीत चॅनल १ आणि दुसरीत चॅनल २. टाइमलाइनवर ते दोन वेगळ्या ट्रॅकवर उतरतात, आणि मग 'एम' बटण खरोखर एकाच माणसाला गप्प करतं.

घ. मोनो क्लिप स्टिरिओ ट्रॅकवर पडली तर आवाज फक्त डावीकडून येतो. ट्रॅकच्या नावावर उजवं क्लिक करून 'चेंज ट्रॅक टाइप टू' मध्ये 'मोनो' करा. आवाज मधोमध येतो.

हे सगळं क्लिप टाइमलाइनवर जाण्याआधी करायला हवं. मीडिया पूलमध्ये नंतर केलेला बदल आधीच कापून लावलेल्या तुकड्यांना लागत नाही. तुमचं एडिट अर्ध्यावर आलं असेल तर टाइमलाइनवरच्या तुकड्यावर उजवं क्लिक करून तिथलं 'क्लिप ॲट्रिब्यूट्स' वापरा, पण मग प्रत्येक तुकडा तपासायला लागतो.

६. प्रीमियर प्रोमध्ये

प्रोजेक्ट पॅनेलमध्ये क्लिप निवडा, उजवं क्लिक, 'मॉडिफाय', मग 'ऑडिओ चॅनल्स'. कीबोर्डवरून शिफ्ट आणि जी. उघडलेल्या चौकटीत डाव्या आणि उजव्या बाजूला फाइलमधला कोणता चॅनल जावा याच्या खुणा असतात. उजव्या बाजूच्या ओळीतली 'आर'ची खूण काढून 'एल'वर करा. झालं.

दोन माणसं वेगळी हवी असतील तर क्लिपचा प्रकार 'मोनो' करा आणि ऑडिओ क्लिपची संख्या २ ठेवा. एका क्लिपला 'एल', दुसरीला 'आर'.

क्लिप आधीच टाइमलाइनवर असेल तर मी इफेक्ट वापरतो. 'फिल राइट विथ लेफ्ट' म्हणजे उजवीकडचं पुसून तिथे डावीकडचं भर. 'फिल लेफ्ट विथ राइट' म्हणजे उलट. नाव वाचताना घोळ होतो, म्हणून इतकंच लक्षात ठेवा: 'फिल'नंतर लगेच ज्याचं नाव, तो चॅनल पुसला जातो. इफेक्ट टाकून लगेच ऐका. उलटा टाकला गेला तर दोन्ही कानांत पंखा येतो आणि तो ओळखायला एक सेकंद पुरतो.

७. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये

फायनल कट प्रोमध्ये क्लिप निवडून ऑडिओ इन्स्पेक्टर उघडा. खाली 'ऑडिओ कॉन्फिगरेशन'मध्ये 'स्टिरिओ'च्या जागी 'ड्युअल मोनो' करा. दोन्ही चॅनल वेगवेगळ्या ओळींत येतात, नको त्याच्या चौकोनातली खूण काढा. उरलेला आपोआप मधोमध ऐकू येतो. मला हीच रीत सगळ्यांत सुटसुटीत वाटते.

शॉटकटमध्ये 'फिल्टर्स'मध्ये जाऊन 'कॉपी चॅनल' लावा आणि डावा उजव्यावर की उजवा डाव्यावर ते निवडा. केडेनलाइव्हमध्येही चॅनलची नक्कल करण्याची सोय आहे, शोधपट्टीत 'चॅनल' टाइप केलं की दिसते.

फोनवरच्या ॲपमध्ये अशी सोय सापडली नाही तर झटापट करू नका. आवाज वेगळा काढून संगणकावर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ट्रॅकच्या नावावरच्या यादीतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, नको तो पुसा, नवी फाइल काढून व्हिडिओखाली लावा.

८. मधल्या चार सेकंदांपुरता चॅनल बदलायचा असेल तर

आत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये असं तीनदा झालं. ओवी म्हणताना ती पुढे झुकायची, पदर माइकवर घासायचा आणि खरखर यायची. तिथे कॅमेऱ्याचा माइकच बरा होता, पंख्यासकट.

यासाठी दोन्ही चॅनल मोनो करून दोन ट्रॅकवर घ्या. व्हिडिओ ट्रॅक कुलूप लावून बंद करा, नाहीतर ऑडिओ कापताना चित्रही कापलं जातं. खरखर जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे दोन्ही ट्रॅक कापा. मग वरच्या ट्रॅकचा तो तुकडा अक्रिय करा, आणि खालच्या ट्रॅकवर तेवढाच तुकडा ठेवून बाकीचे अक्रिय करा. रिझॉल्व्हमध्ये तुकडा निवडून 'डी', फायनल कटमध्ये 'व्ही', प्रीमियरमध्ये उजवं क्लिक करून 'इनेबल'ची खूण काढा. तुकडा पुसू नका. अक्रिय तुकडा जागेवर राहतो आणि मत बदललं तर परत येतो.

काप शब्दाच्या मधे घेऊ नका, श्वासावर घ्या. आणि प्रत्येक कापावर दोन ते चार फ्रेमचा उतार द्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे चार फ्रेम तशा थोड्याच, पण तेवढ्याने 'टक्' असा आवाज येत नाही. रिझॉल्व्हमध्ये ऑडिओ तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यातली छोटी मूठ आत ओढली की उतार तयार होतो.

दोन माणसांच्या मुलाखतीत एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक पूर्ण शून्यावर नेला, की मागची खोली अचानक गायब होते आणि परत येते. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या शेवटी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करून घ्या. ती शांतता वेगळ्या ट्रॅकवर, अगदी हळू, सलग लावा. त्यावर कुणाचाही माइक बंद-चालू केला तरी जोड दिसत नाही.

ऑडिओचे तुकडे हलवताना ओठ आणि शब्द सुटले तर रिझॉल्व्ह आणि प्रीमियर दोन्ही तुकड्यावर लाल आकडा दाखवतात. तो आकडा दिसला की तिथेच थांबा, दुरुस्त करा आणि मगच पुढे जा.

९. सभागृहाच्या मिक्सरवरून घेतलेला आवाज: सगळ्यांत फसवा प्रकार

आमच्या भागातल्या गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग मी करतो. एका वर्षी ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून वायर घेऊन ती कॅमेऱ्याच्या माइकच्या छिद्रात लावली. हेडफोनवर वक्त्यांचा आवाज स्वच्छ, दोन्ही कानांत, फक्त जरा विचित्र पसरट. लोकांनी फोनवर लावलं तेव्हा टाळ्या आणि खुर्च्यांचे आवाज ऐकू येत होते, पण वक्त्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा.

कारण असं. मिक्सरची मोठ्या पिनेची लाइन एकच आवाज दोन तारांवरून पाठवते, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलट. त्यामुळे लांब वायरमध्ये शिरणारी घरघर पुढे कापली जाते. पण कॅमेऱ्याचं छिद्र स्टिरिओ असलं तर तो सुलट तार डावा चॅनल समजतो आणि उलट तार उजवा. एका स्पीकरच्या फोनने दोन्ही एकत्र केले की सुलट आणि उलट एकमेकांना संपवतात. टाळ्या वाचल्या, कारण त्या तशा येत नव्हत्या. दुसऱ्या कॅमेऱ्याचा आवाज मी हळू मिसळला होता.

इलाज वरचाच. एक चॅनल घालवा आणि दुसरा दोन्हीकडे भरा. दोनपैकी कोणताही चालतो. ओळखायचं असेल तर दोन्ही लहरी मोठ्या करून बघा. वरची जिथे वर जाते, तिथेच खालची खाली जात असेल, तर हाच प्रकार आहे.

१०. फाइल काढण्याआधी तीन वेळा ऐका

पहिल्यांदा हेडफोनवर, एकेक कान झाकून. दोन्ही कानांत तोच आवाज, तितकाच मोठा यायला हवा. सॉफ्टवेअरच्या मीटरवरही दोन्ही पट्ट्या बरोबर नाचायला हव्यात. बोलण्याचे उंच ठोके साधारण उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे असले की मी समाधानी असतो.

दुसऱ्यांदा, काढलेली फाइल फोनवर घेऊन त्याच्या स्पीकरवर. हंड्यातला आवाज आणि नाहीसा होणारा आवाज, दोन्ही दोष इथेच पकडले जातात.

तिसऱ्यांदा, पूर्ण लांबी. सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून पाठवू नका. ज्या तुकड्यावर बदल लागलेला नाही, तो हमखास मधे कुठेतरी असतो. माझ्याकडे एकदा ४७व्या मिनिटाला एक तुकडा तसाच राहिला होता.

मूळ फाइल दोन्ही चॅनलसकट वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि कागदावरची नोंद तिच्या शेजारी टाइप करून ठेवा: कोणता माइक कुठे, काय बंद केलं, का केलं. आत्याच्या फाइलीच्या अगदी शेवटी मी तिचा कॉलर माइक काढून घेतला होता. त्यानंतर तिने आणखी दोन ओव्या म्हटल्या, आणि त्या फक्त उजव्या चॅनलवर आहेत.